घागरीवरचं दुखणं

जळगावातल्या एका नर्सिंग शाळेत मी मुलींना शरीररचना शिकवते. सोप्या भाषेत सांगायचं तर, माणसाच्या अंगातल्या कुठल्या भागाला डॉक्टर लोक काय म्हणतात, ते. मांडीचं हाड म्हणजे फिमर, गुडघ्याची वाटी म्हणजे पॅटेला, काख म्हणजे अ‍ॅक्सिला. सतरा वर्षं हेच बोलतेय. गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी मनगटातली आठ हाडं क्रमाने सांगीन. आणि माझी माय छातीतल्या गाठीने गेली. ती गाठ तिने माझ्यापासून लपवली नव्हती. मला दाखवली होती, दोन हातांच्या अंतरावरून. मला दिसली नाही. हे लिहायला बसलेय ते तेवढ्यासाठीच. कुणाला काही शिकवायचं म्हणून नाही, शिकवून झालं पुष्कळ.

माझं माहेर दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला पाण्याचा ओटा होता आणि त्यावर तांब्याची एक घागर. नळ आले, गॅस आला, फिल्टरसुद्धा आला, पण घागर तिथून हलली नाही. दुपारी भांडी आवरली की गल्लीतल्या बायका मायजवळ येऊन बसत. माय काही वैदू नव्हती, तिला कशातलं काही कळत नव्हतं. पण तिला ऐकता यायचं. मग कुणाच्या सासूच्या मानेला गळू झालं, कुणाच्या नणंदेचं पोट सारखं दुखतं, कुणाचा नवरा बैलगाडीवरून पडून कंबरेत अडकला, सगळं तिथे निघायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवायचं नाही. दाखवलं की ते आपल्याला लागतं म्हणतात. सासूच्या मानेला गळू असलं तर सुनेने बोलताना स्वतःच्या मानेला हात लावायचा नाही. मग दाखवायचं कशावर? कुणी भिंतीवर दाखवतं, कुणी हवेत. आमच्या घरात घागरीवर दाखवत. घागरीला काय नाही? गळा आहे, खांदा आहे, पोट आहे, बूड आहे. माय घागरीच्या काठाखाली बोट टेकवून आमच्या अहिराणीत म्हणायची, “आठे दख, आठे गळू शे तिले.” म्हणजे इथे बघ, इथे गळू आहे तिला. बसलेल्या बायका घागरीकडे बघून चुकचुकायच्या. मी डिप्लोमाला पहिल्यांदा हाडांचा सांगाडा बघितला तेव्हा सगळ्या मुली घाबरल्या होत्या आणि मला आमची घागर आठवून हसू आलं होतं.

दुसरी-तिसरीत असेन. शाळेतल्या मैत्रिणीच्या वडिलांना विळा कुठे लागला ते सांगताना मी आपली पोटरी धरून दाखवली. मायने हातावर अशी चापट दिली की बोटं उमटली. “आपला आंगवर दखाडू नही, कितला डाव सांगू तुले!” मग माझा हात धरून तीनदा घागरीला लावला. दुखणं घागरीला देऊन टाकायचं, असं काहीतरी त्यात होतं. तेवढ्या बाबतीत माय फार कडक. एरवी तिचा आवाज कधी चढला नाही. माझा तोंडाळपणा मी नानांकडून, म्हणजे वडिलांकडून, उचललेला आहे.

नर्सिंगला येणाऱ्या मुली बहुतेक खेड्यांतल्याच. पहूरच्या, जामनेरच्या, शिरपूरकडच्या. रीत सगळ्यांच्या घरची तीच. माझी शिकवायची पद्धत मात्र उलटी. पहिल्याच दिवशी मी सांगते, स्वतःच्या अंगावर हात ठेवा आणि नाव म्हणा. गळ्याखालचं आडवं हाड, क्लॅव्हिकल. छातीच्या मधलं, स्टर्नम. इथवर मुली मजेत म्हणतात. पण “पेशंटला अपेंडिक्सचा त्रास आहे, कुठे ते दाखव” म्हटलं की हात थबकतो. पहूरकडची एक पोरगी तर रडकुंडीला आली होती. “नको ना मॅडम, आपल्या अंगावर नाही दाखवत.” मी म्हटलं, “मग काय माझ्या अंगावर दाखवणार? अगं, तुझं अंग हेच तुझं पुस्तक. ठेव हात!” वर्ग खो खो हसला. तिने ठेवला हात, डोळे मिटून.

या गोष्टीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आपण मुलींच्या डोक्यातलं खूळ काढतो, असं मी चारचौघांत सांगायची. मी स्वतः दिवसभर तेच करते ना. मुतखडा इथे, अल्सर इथे, हर्निया इथे. जगातले सगळे आजार मी माझ्या अंगावर दाखवून झालेय. माणसाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला तर त्यात बघण्यासारखं काही असतं, हे माझ्या डोळ्यांना सतरा वर्षांत पार विसरायला झालं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी गेले. मला भाऊ एकच, तो सुरतला असतो, तो काही आला नव्हता. नाना बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते. मधे दार नाही, पडदा आहे. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, माय भाकरीसाठी परातीत पीठ घेत होती. घागर तिच्या कोपराशी. मधेच थांबून ती हळू आवाजात म्हणाली, “आपली गल्लीमा एक बाई शे. तिले आठे गाठ लागस हातले.”

आणि तिने पदराआड डाव्या बाजूला हात नेला. काखेच्या जरा खाली, छातीच्या बाहेरच्या अंगाला.

“दुखते?”

“नही. दुखस नही.”

“कधीपासून आहे?”

“पोयापाईन.”

पोळ्यापासून. म्हणजे दोन-अडीच महिने झाले होते. मायशी मी एरवी अहिराणीच बोलते, पण शरीराचं काही निघालं की माझी जीभ आपोआप वर्गात जाऊन उभी राहते. मी परात माझ्याकडे ओढली. पिठात बोटाने गोल काढला, त्याचे चार भाग केले. म्हटलं, “हे बघ माय, छातीचे असे चार भाग समजायचे. हा वरचा बाहेरचा. याला अप्पर आउटर क्वाड्रंट म्हणतात. बहुतेक गाठी इथेच निघतात, कारण हा भाग असा काखेत शिरतो. काखेत बारीक बारीक लसिकाग्रंथी असतात, मग ते दुखणं तिकडे जातं. आणि न दुखणारी गाठच जास्त वाईट.” दरवर्षी परीक्षेला हा प्रश्न मी काढते, पाच मार्कांना. माय पिठाकडे बघत होती. इतकं लक्ष देऊन माझ्या वर्गातही कुणी बघत नाही.

“आन मंग?” तिने विचारलं.

“मग काय! लवकर दाखवायला पाहिजे. तिला म्हणावं जळगावला ये, मी नेते डॉक्टरीणबाईंकडे. बाईमाणूसच आहेत, लाजू नको म्हणावं.”

“लाजस ती.”

“मग मर म्हणावं लाजत लाजत!”

हे मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. इतक्या बायका मी सिव्हिलच्या वॉर्डात उशिरा आलेल्या बघितल्यात, की त्या न बघितलेल्या बाईचा मला खरोखर राग आला होता. मायने पिठातला गोल हाताने मोडला, पाणी घातलं आणि मळायला लागली. बाहेरून नानांनी चहा मागितला, मी उठले.

दुसऱ्या दिवशी निघताना ती दोंडाईच्याला स्टेशनपर्यंत यायला निघाली. न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून तयार. मी म्हटलं, “कशाला उगीच धक्के खातेस, बस घरी.” ती बसली घरी.

मग फोनवर मी दर आठ-दहा दिवसांनी विचारायचे, ती बाई गेली का दाखवायला. माझ्या कामाचाच भाग तो, पाठपुरावा. माय म्हणायची, “जाई.” कधी म्हणायची, “कापूस येचना शे ना, कशी जाई?” एकदा मी म्हटलं, “नाव सांग तिचं, मीच फोन करून झाडते.” तर म्हणाली, “राहू दे.” मी चिडायचे. “काय बाई आहे! अडाणी नुसती. मरायचंय का तिला? पालथ्या घड्यावर पाणी!” माय म्हणायची, “तू जेवनीस का?” मी जेवले म्हणायचे आणि फोन ठेवायचे. थंडी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. हळूहळू मीही विचारायचं सोडलं. एका अनोळखी बाईसाठी माणूस किती डोकं फोडणार?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी मी गेले. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर पाणी भरून पूजतात. वर आंबा, सांजोरी ठेवतात. माझ्या आजी-आजोबांची घागर माय दरवर्षी स्वतः भरून पाटावर मांडायची. मी भिंतीला टेकून बघत होते. तिने घागर एका उजव्या हाताने ओढत आणली. मी म्हटलं, “अगं फुटेल, दोन्ही हातांनी उचल ना.” तिने डावा हात पुढे केला आणि तो वर उचलला जाईना. झंपराची बाही दंडावर रुतली होती, शिवण उसवलेली. मनगटापर्यंत हात सुजलेला.

लिम्फेडीमा. माझ्या डोक्यात हा शब्द आला. काखेतला मार्ग बंद झाला की हातात पाणी साठतं, त्याला हे नाव आहे. आधी शब्द आला आणि मग कळलं, हा हात मायचा आहे.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली. ती नको नको म्हणत होती. मी बघितलं. दरवर्षी मी मुलींना लिहून देते, की गाठ वाढली म्हणजे वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. तशीच दिसत होती. पुस्तकात जे जे असतं, ते सगळं होतं. काही एक चुकलेलं नव्हतं. माय भिंतीकडे तोंड करून उभी होती, लेकराने मार खायला उभं राहावं तशी. मी खाली बसले.

धुळ्याला तपासण्या केल्या, मग तिला जळगावला माझ्याकडेच आणली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील इतक्या. त्यांनी विचारलं, कुठे आहे. मी एका दमात बोलून टाकलं, बाजू कुठली, चतुर्थांश कुठला, काखेतल्या गाठी किती मोठ्या हाताला लागतात. त्यांनी मान वर केली. “मॅडम, तुम्ही आपल्या फील्डमधल्याच का?” मी म्हटलं, “शिकवते. अ‍ॅनाटॉमी.” त्यांनी एकदा मायकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली मान घालून लिहायला लागल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं जे म्हणतात ना, ते मला त्या खुर्चीत कळलं.

दुखणं हाडांत गेलं होतं, यकृतात गेलं होतं. मला सगळं इंग्रजीत सांगितलं गेलं आणि मी इंग्रजीत मान हलवली. बाहेर बाकड्यावर मायने विचारलं, “काय म्हने ती?” फिमर म्हणजे काय, लिव्हर म्हणजे काय, हे सांगून माझं पोट भरतं. तिथे मी एवढंच म्हटलं, “औषध बरेच दिवस चालेल म्हणे.” ती म्हणाली, “चालू दे मंग.”

श्रावणातली गोष्ट. तिसरी किमो झाली होती, केस गेले होते, डोक्याला माझी ओढणी गुंडाळून ती गादीवर पडली होती. मी तिला मोसंब्याचा रस पाजत होते. ती तोंड फिरवायला लागली आणि माझा बांध फुटला. एवढे महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या आजारी बाईवर काढलं मी. “का खोटं बोललीस मला? दुसरीच कुणी बाई म्हणून का सांगितलंस? मी काय परकी होते? सहा महिने, माय! सहा महिन्यांत काय झालं असतं ठाऊक आहे तुला?”

मला काय विचारायचंय, हेच तिला कळत नसावं. मग म्हणाली, “नाना बठेल व्हतात ना भाईर.”

“नाना बाहेर होते. मी तर समोर होते ना?”

“म्हनीसन तर तुले मना आंगवर दखाडं.” दम लागत होता, तिने श्वास घेतला. “घागर बाजूलेच व्हती.”

मी पेला खाली ठेवला.

घागर बाजूलाच होती, तिच्या कोपराशी, आणि तिने घागरीला हात लावला नव्हता. जन्मात कधी दुसऱ्याचं दुखणं तिने आपल्या अंगावर दाखवलं नव्हतं, त्यासाठी तिने माझे हात लाल केले होते. पडद्याआडच्या नानांना ऐकू जाईल ते एका बाईचं, आणि मला दिसेल ते तिचं. तिच्या हिशेबी यापेक्षा उघड काही सांगता येण्यासारखं नव्हतं. गल्लीतली कुठलीही बाई त्या पाटावर असती, तर तिने तिथल्या तिथे हातातलं टाकून मायला मिठी मारली असती. मी पिठात गोल काढून दाखवला.

“मग फोनवर का नाही बोललीस?” मी विचारलं.

“तू रागे भरेल व्हतीस. मर म्हनाव, म्हननीस. माले वाटनं, पोरले समजनं, म्हनीसन ती रागे भरनी.” तिने माझा हात हातात घेतला, सुजलेल्या हातात. “मंग फोनवर बी तू रागेच भरस. म्हनं, तिना राग उतरी, मंग ली जाई माले.”

राग उतरला की नेईल मला. त्या न बघितलेल्या बाईला मी जे जे बोलले, अडाणी, पालथा घडा, मरायचंय का, ते सगळं माय कानाला फोन लावून आपल्याला म्हणून ऐकत होती. आणि वर मला विचारत होती, जेवलीस का. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी न्हाऊन चांगलं लुगडं नेसून ती तयार झाली होती, ती काही मला स्टेशनवर सोडायला नाही. मी तिला म्हटलं होतं, बस घरी.

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, “येडी शे का तू? ऊठ, रस दे.” आणि मघाशी तोंड फिरवत होती तो सगळा रस पिऊन टाकला, माझ्यासाठी.

पौषात ती गेली.

वर्गात मी अजून तेच शिकवते, दुसरं येतं काय मला? मुलींना अंगावर हात ठेवायला मात्र आता सांगत नाही. कोपऱ्यात सांगाडा आहे, त्याच्यावर दाखवा म्हणते. जुन्या मुलींना नवल वाटतं, मॅडम मवाळ झाल्या म्हणतात.

यंदाच्या आखाजीला घागर मायच्या नावाने भरायची होती. विहिरीवरून पाणी मी आणलं, दोन्ही हातांनी उचलून घागर पाटावर मांडली, वर आंबा आणि सांजोरी ठेवली. नाना बाहेर बसले होते. गल्लीतल्या दोन-चार बायका आल्या. त्यांत एक म्हाताऱ्या आक्का होत्या, त्या वर्षभर लेकाकडे असल्यामुळे त्यांना नीट काही ठाऊक नव्हतं. माझ्याजवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, “कोठे व्हती वं गाठ?”

माझा हात सवयीने उठला. सतरा वर्षांची सवय ती. छातीपर्यंत आला आणि तिथे मी तो थांबवला. खाली आणून घागरीला लावला. गळ्याच्या खाली, डाव्या अंगाला.

“आठे,” मी म्हटलं.

आक्का घागरीकडे बघून चुकचुकल्या. कोरी घागर होती, पाझरत होती, बोट गार पडलं. ते मला काढून घेता येईना. मी तशीच घागरीला धरून सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागले, आणि पडद्यापलीकडून नाना विचारत राहिले, “काय व्हयनं वं? काय व्हयनं?”